विश्लेषण : रीलमधला समुद्री घोडा घरच्या टाकीत ठेवता येतो का?

उंच काचेची टाकी, निळसर प्रकाश, हिरव्या शेवाळाच्या देठाला शेपटीचा विळखा घालून डुलणारा पिवळाधमक समुद्री घोडा आणि खाली प्रतिसादांची रांग : ‘हा कुठे मिळतो?’, ‘किंमत काय?’, ‘गोड्या पाण्यात चालेल का?’ असे व्हिडीओ एकदा पाहिले की पुढचे दहा आपोआप समोर येतात. पाहणाऱ्याला वाटते, गोल्डफिश पाळतो तसाच हाही पाळता येत असेल.

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत पैदास केंद्रात जन्मलेला समुद्री घोडा घरी ठेवता येतो, मात्र त्यासाठी साध्या फिश टँकपेक्षा अगदी वेगळी व्यवस्था उभारावी लागते. भारतात तो ठेवणे हा वन्यजीव कायद्याचा भंग आहे. रीलमध्ये यातले काहीच सांगितले जात नाही. ही टाकी नेमकी कशी असते, त्यात मासे का दगावतात आणि आपल्याकडे बंदी असूनही हा प्राणी संकटात का, याचा हा आढावा.

हा मासा इतर माशांसारखा का नाही?

समुद्री घोडा मासाच आहे. त्याला कल्ले आहेत, पर आहेत. पण अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी हाडांच्या कड्यांचे चिलखत आहे. त्यामुळेच तो वाळवला तरी आकार तसाच राहतो आणि ‘शोभेची वस्तू’ म्हणून विकला जातो. शेपटीला पर नसतो. ती पोहण्यासाठी नसून पकडण्यासाठी असते. पोहण्याचे काम पाठीवरचा छोटासा पर करतो. तो सेकंदाला तीसेक वेळा फडफडतो, तरी घोडा पुढे सरकतो तो मुंगीच्या पावलांनीच. ‘हिप्पोकॅम्पस झोस्टेरी’ या बोटाच्या पेराएवढ्या बुटक्या प्रजातीची नोंद गिनीज बुकात जगातला सर्वांत संथ मासा अशी आहे.

संथ असला तरी शिकारीत तो कच्चा नाही. टेक्सास विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये याच बुटक्या प्रजातीचा अभ्यास केला. तिच्या डोक्याचा आणि सोंडेचा आकार असा आहे की भक्ष्याजवळ जाताना पाणी जवळजवळ हलतच नाही. कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी जीव पाण्यातली किंचित हालचालही ओळखून पळ काढतात. तरीही स्थिर पाण्यात या घोड्याचे दहापैकी नऊ हल्ले यशस्वी ठरतात. भक्ष्य सोंडेच्या टोकाशी आले की तो मान झटकतो आणि ते नळीतून ओढल्यासारखे आत खेचून घेतो.

घरी पाळणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्याच्या शरीराबाबतची सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे : समुद्री घोड्याला दात नाहीत आणि जठरही नाही. गिळलेले अन्न साठवायला जागाच नसल्याने ते लवकर पुढे सरकते आणि अर्धवट पचूनच बाहेर पडते. म्हणून निसर्गात तो उजाडल्यापासून मावळेपर्यंत थोडे-थोडे खात राहतो. टाकीच्या मांडणीतले निम्मे निर्णय या एका गोष्टीवरून ठरतात.

हा छंद सुरू कुठे झाला?

गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील मुलांच्या कॉमिक्समध्ये ‘जिवंत समुद्री घोडे, टपालाने घरपोच’ अशा जाहिराती छापून येत. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचे बुटके घोडे पाकिटात भरून पाठवले जात आणि त्यांना खायला घालण्यासाठी सोबत आर्टेमियाची अंडी. त्यातले बरेचसे फार दिवस टिकत नसत. समुद्री घोडा म्हणजे ‘हमखास मरणारा मासा’ ही त्याची ख्याती तेव्हापासूनची.

त्याला कारणही होते. बाजारात येणारे जवळजवळ सगळे घोडे समुद्रातून पकडलेले असत. जाळ्यातून पिशवीत, पिशवीतून गोदामात, तिथून विमानाने दुसऱ्या खंडात आणि मग दुकानात. या सगळ्या प्रवासात त्याच्या पोटात काही गेलेले नसे. टाकीत पोहोचल्यावर समोर गोठवलेली कोळंबी पडली तरी तो तिच्याकडे बघत नसे, कारण जे हलत नाही ते अन्न असते हे त्याला माहीतच नसते. भरल्या टाकीत तो उपाशी मरे.

चित्र पालटले ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस. हवाई बेटांवरील कोना येथे क्रेग श्मार आणि कॅरोल कोझी-श्मार या दाम्पत्याने १९९८ मध्ये ‘ओशन रायडर’ हे पैदास केंद्र सुरू केले. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात ब्यूटी पॉइंट येथे थंड पाण्यातल्या ‘मोठ्या पोटाच्या’ प्रजातीची शेती उभी राहिली. अशा केंद्रांत जन्मलेली पिल्ले लहानपणापासून गोठवलेले खाणे खायला शिकतात आणि टाकीच्या भिंतींना सरावतात. मग २००४ मध्ये ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समुद्री घोड्यांच्या सर्व प्रजातींचा समावेश अमलात आला. परवान्याशिवाय त्यांचा परदेशी व्यापार करता येईना आणि जिवंत माशांच्या बाजारात व्हिएतनाम, श्रीलंका अशा देशांतल्या पैदास केंद्रांचा वाटा वाढत गेला. आज परदेशातल्या अनुभवी हौशींचा पहिला नियम एकच असतो : समुद्रातून पकडलेला घोडा घ्यायचाच नाही. विक्रेत्याला विचारायचे, हा कुठे जन्मला? आणि पैसे देण्याआधी तो गोठवलेले खाताना डोळ्यांनी पाहायचे.

टाकी लांब नको, उंच हवी

नेहमीची टाकी आडवी असते, कारण मासे आडवे पोहतात. समुद्री घोडा उभा असतो आणि त्याला वर-खाली जागा लागते. प्रणयाच्या वेळी नर-मादी एकमेकांना बिलगून तळापासून पृष्ठभागाकडे तरंगत जातात आणि त्या वाटेवर मादी नराच्या पोटपिशवीत अंडी सोडते. पाणी उथळ असेल तर हा सोहळा अर्ध्यावर मोडतो, अंडी तळाशी सांडतात. शेपटी सरळ केल्यावर घोड्याची जी लांबी भरते, तिच्या तिप्पट तरी पाण्याची खोली असावी असा संकेत आहे. साधारण १५ सेंटिमीटरच्या प्रजातीसाठी म्हणजे ४५ ते ५० सेंटिमीटर.

६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ५० सेंटिमीटर खोल पाणी धरले तर ते १२० लिटर होते. अशा टाकीत एक जोडी आरामात राहते. आणखी एक जोडी वाढवायची तर ४० ते ५० लिटर पाणी वाढवायचे. १२० लिटर खारे पाणी, काच आणि दगड मिळून वजन दीडशे किलोच्या पुढे जाते. टीव्हीच्या स्टँडवर किंवा प्लायवूडच्या कपाटावर ही टाकी ठेवता येत नाही.

आत शेपटी गुंडाळायला खांब हवेत. कृत्रिम प्रवाळ, जाड देठाचे समुद्री शेवाळ, अगदी प्लॅस्टिकची साखळीसुद्धा चालते. घोडा दिवसातला मोठा काळ अशा एखाद्या खांबाला धरून असतो आणि बऱ्याचदा त्याचा खांब ठरलेला असतो. कित्येक जण खांबाच्या रंगाशी जुळवून घेत आपला रंग बदलतात. पिवळा घोडा घरी आणल्यावर महिन्याभरात करडा झाला म्हणून विक्रेत्याशी भांडणारे गिऱ्हाईक या व्यवसायात नवे नाही.

पाणी ‘पिकायला’ सहा आठवडे

टाकी आणली, पाणी भरले आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले, ही घोडचूक (इथे हा शब्द अगदीच चपखल) गोड्या पाण्यातही महागात पडते. समुद्री घोड्याच्या बाबतीत ती जीवघेणी ठरते.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, शिवाय क्षार आणि काही वेळा तांबेही. म्हणून आरओ यंत्रातून, शक्यतो त्यापुढे डीआयोनायझेशनच्या गाळणीतून काढलेले पाणी घ्यायचे. त्यात ॲक्वेरियमसाठी मिळणारे समुद्री मीठ लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे १२० लिटरला सव्वाचार किलोच्या आसपास. स्वयंपाकातले मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेटही असतात. पाण्याचा सामू ८ ते ८.४ च्या दरम्यान राहायला हवा.

त्यानंतर थांबायचे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. दगडांवर, वाळूत, फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढणारे जिवाणू आधी त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे बऱ्याच प्रमाणात सहन होते. या दोन्ही फौजा उभ्या राहायला चार ते सहा आठवडे लागतात. रिकाम्या टाकीत थोडा अमोनिया टाकून दर काही दिवसांनी चाचणी संचाने पाणी तपासायचे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि तिथेच टिकले की पाणी पिकले. नायट्रेट पुढेही लिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली ठेवायचे असते आणि त्यासाठी दर आठवड्या-पंधरवड्याला दहा ते वीस टक्के पाणी बदलणे हाच साधा उपाय.

एक बारीक गोष्ट नवखे हमखास विसरतात. टाकीतून वाफ होऊन जाते ते फक्त पाणी. मीठ मागेच राहते. त्यामुळे पातळी घटली की वरून खारे पाणी नव्हे, तर साधे आरओचे पाणी घालायचे. खारे घालत राहिल्यास काही आठवड्यांत टाकीची मीठवडी होते.

तापमान : खरी परीक्षा इथे

प्रवाळाच्या टाक्या २५-२६ अंश सेल्सिअसला ठेवल्या जातात. उष्ण कटिबंधातले समुद्री घोडे निसर्गात याहून गरम पाण्यातही सापडतात. तरीही घरच्या टाकीत त्यांच्यासाठी २० ते २३ अंशच का सांगितले जाते?

याचे उत्तर माशात नाही, जिवाणूंत आहे. व्हिब्रिओ गटातले जिवाणू खाऱ्या पाण्यात सगळीकडे असतात. पाणी तापले की त्यांची वाढ वेगाने होते आणि त्यांचे काही प्रकार अधिक आक्रमक बनतात. समुद्रात पाण्याचे प्रमाण अफाट, म्हणून धोका विरळ. १२० लिटरच्या डब्यात तोच दाट होतो. सोंड सडणे, शेपटीवर पांढरे व्रण पडणे, कातडी सोलवटणे ही त्याची लक्षणे. समुद्री घोड्याच्या अंगाला खवल्यांचे संरक्षण नाही आणि एकदा संसर्ग झाला की उपचाराला वेळही थोडा मिळतो. म्हणून पाणी २४ अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही, हा छंदातला जवळजवळ धर्मनियम झाला आहे. टास्मानियातल्या मोठ्या पोटाच्या प्रजातीला तर १८ अंशांच्या आसपासच बरे वाटते.

सिॲटल किंवा लंडनच्या घरात हे सहज जमते. उष्ण प्रदेशात मात्र चिलर लागतो, म्हणजे टाकीच्या पाण्यासाठीचा छोटा फ्रीजच. पंखा लावून बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते, त्याहून फारसे नाही आणि दमट हवेत तेवढेही नाही. साधे गणित करून पाहू. १२० लिटर पाणी ३१ अंशांवरून २३ वर आणायचे तर त्यातून सुमारे १.१ युनिट विजेइतकी उष्णता काढून टाकावी लागते. हे झाले फक्त पहिल्या वेळचे. त्यानंतर खोलीची उष्णता काचेतून चोवीस तास आत शिरत राहते, पंपाची मोटर पाणी तापवत राहते, दिवे भर घालतात. चिलर हीच उष्णता खोलीत ओततो, त्यामुळे बंद खोलीत ठेवला तर खोली तापते आणि चिलर आणखी जास्त वेळ चालतो. वीज गेली तर? किमान बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवा, कारण पाणी थांबले की त्यातला प्राणवायू तापमानाच्याही आधी संपायला लागतो.

थंड देशांत उलटी अडचण असते. तिथे हीटर लावतात आणि समुद्री घोड्याला तो शेपटी गुंडाळायला छान खांब वाटतो. भाजले तरी तो पटकन सोडत नाही. म्हणून हीटरला जाळी लावायची किंवा तो वेगळ्या खालच्या टाकीत ठेवायचा.

प्रवाह हवा की नको?

जुनी पुस्तके सांगत, पाणी जवळजवळ स्थिर ठेवा, घोडा अशक्त आहे. आता अनुभवी पाळणारे याच्याशी सहमत नाहीत. स्थिर पाण्यात घाण कोपऱ्यात साचते आणि तिथेच व्हिब्रिओ वाढतो. पाणी तासाला पाच-सहा वेळा तरी फिरायला हवे; फक्त त्याचा झोत एका जागी नको. भोकांच्या नळीतून तो पसरवला की प्रवाहही राहतो आणि घोडा भिंतीवर आपटतही नाही. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधणे मात्र सक्तीचे, नाहीतर शेपटी आत ओढली जाते.

बुडबुडे हा आणखी एक शत्रू. पाण्यात हवा दाबाखाली विरघळली, म्हणजे पंपाच्या नळीतल्या बारीकशा गळतीतून हवा आत खेचली गेली, तर पाणी वायूने अतिसंपृक्त होते. समुद्री घोड्यांमध्ये कातडीखाली, शेपटीवर किंवा नराच्या पोटपिशवीत वायूचे फुगे येण्याचा विकार आढळतो. पिशवी फुगलेला नर बुचासारखा पृष्ठभागावर तरंगत राहतो आणि खाली येऊन खाऊ शकत नाही. त्याची कारणे अनेक सांगितली जातात. पण उथळ टाकी आणि बारीक बुडबुडे सोडणारा फिल्टर ही त्यांतली टाळता येण्यासारखी.

दिवसातून तीनदा जेवण, सुट्टी नाही

पैदास केंद्रातल्या घोड्याचे मुख्य अन्न म्हणजे गोठवलेली मायसिस, तांदळाच्या दाण्याएवढी कोळंबीसारखी जीवजात. ती आरओच्या पाण्यात वितळवायची, धुवायची, आठवड्यातून काही वेळा जीवनसत्त्वे आणि मेदाम्ले असलेल्या द्रावणात भिजवायची आणि मग ड्रॉपरने किंवा शिंपल्याच्या ताटलीत ठेवायची. दिवसातून किमान दोनदा, शक्यतो तीनदा. एकाच जागी ठेवत गेले तर काही दिवसांत घोडे त्या शिंपल्याभोवती वेळेवर गोळा होतात. एक डोळा अन्नावर, दुसरा माणसावर. दोन्ही डोळे स्वतंत्र फिरतात. मान झटकताना ‘टिक’ असा बारीक आवाज होतो, तो शांत खोलीत काचेबाहेरही ऐकू येतो.

अर्ध्या तासात न खाल्लेले सगळे नळीने उपसून काढायचे. हे पाऊल वगळले तर आधीची सगळी मेहनत वाया, कारण सडलेली मायसिस म्हणजे अमोनिया आणि व्हिब्रिओ दोघांनाही मेजवानी. सुकी पेंड टाकणारे स्वयंचलित यंत्र इथे निरुपयोगी आहे. चार दिवस गावी जायचे असेल तर शेजाऱ्याला मासा नव्हे, पूर्ण दिनक्रम शिकवून जावे लागते.

बुटक्या प्रजातीची टाकी छोटी असते, २० लिटरमध्येही भागते, म्हणून नवखे तिच्याकडे वळतात. पण ती गोठवलेले फारसे खात नाही. तिला रोज दोनदा ताजी उबवलेली आर्टेमियाची पिल्ले लागतात. म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बाटल्यांत अंडी उबवण्याचा छोटा कारखाना कायम सुरू. तिचे आयुष्यही जेमतेम वर्षभराचे. मोठ्या प्रजाती नीट सांभाळल्या तर तीन ते पाच वर्षे जगतात.

टाकीत आणखी कोण?

शक्यतो कोणी नाही. चपळ मासे घोडा मान वळवेपर्यंत अन्न फस्त करतात. क्लाऊनफिश, टँग, ट्रिगर यांना म्हणून मज्जाव. ॲनिमोन आणि डंख करणारी प्रवाळे त्याच्या उघड्या कातडीला भाजतात. खेकडा झोपेत शेपटी तोडू शकतो. गोगलगायी आणि एखाददुसरा शांत गोबी एवढेच चालते. दोन वेगळ्या केंद्रांतून आणलेले घोडेही एकत्र ठेवू नयेत, कारण एकाला सवयीचा झालेला जिवाणू दुसऱ्याला मारू शकतो.

बाप बाळंत होतो, पुढे काय?

नराच्या पोटपिशवीत अंडी वाढतात, तिथेच त्यांना प्राणवायू आणि पोषण मिळते. पाण्याच्या तापमानानुसार दोन ते चार आठवड्यांनी नर जोर लावून शेकडो पिल्ले बाहेर फेकतो. काही प्रजातींत ही संख्या हजाराच्या वर जाते. अनेक प्रजातींतली जोडी हंगामभर एकनिष्ठ राहते आणि रोज सकाळी एकमेकांभोवती फिरून, रंग उजळवून ‘भेट’ घेते. बाळंतपणानंतर काही तासांत नर पुन्हा अंडी घेऊ शकतो.

घरात हे दृश्य पाहणे ही मोठी गोष्ट. पण पिल्ले वाढवणे हे वेगळेच काम आहे. निसर्गातही शंभरातले एकसुद्धा मोठे होत नाही. बहुतेक प्रजातींची पिल्ले पहिले काही आठवडे तरंगत राहतात, पृष्ठभागावरची हवा गिळून मरतात आणि त्यांना सूक्ष्म जिवंत अन्न दिवसभर लागते. त्यासाठी पाणी गोल फिरवणाऱ्या वेगळ्या टाक्या असतात. पैदास केंद्रातला घोडा समुद्रातल्या घोड्यापेक्षा महाग का, याचे उत्तर याच टाक्यांत आहे.

भारतात काय नियम आहेत?

केंद्र सरकारने २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समुद्री घोड्यांसह त्यांच्या संपूर्ण कुळाचा, म्हणजे नळीमाशांचाही समावेश केला. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही अनुसूची. पकडणे, मारणे, जवळ बाळगणे, विकणे, जिवंत असो वा वाळवलेला, सगळ्यालाच बंदी. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली, मात्र समुद्री घोड्याचे संरक्षण कायम राहिले. याच दुरुस्तीने कायद्याच्या सर्वसाधारण उल्लंघनासाठीच्या दंडाची कमाल रक्कम २५ हजारांवरून १ लाख रुपयांवर नेली. तुरुंगवासाची तरतूद आहेच.

त्यामुळे एखाद्या दुकानदाराने किंवा मोबाइलवरच्या गटात कुणी ‘इम्पोर्टेड आहे, चालतो’ असे सांगून समुद्री घोडा देऊ केला, तर तोंडी आश्वासनाला काही अर्थ नाही. ‘साइट्स’च्या यादीतला प्राणी देशात आणायला परवाने लागतात आणि घरगुती हौशीला समुद्री घोडा रीतसर मिळेल असा रुळलेला मार्ग आपल्याकडे नाही. बिनकागदाचा घोडा बहुधा इथल्याच समुद्रातला, जाळ्यातून आलेला असतो. म्हणजे बेकायदा तर झालेच, वर तो गोठवलेले खाणार नाही आणि काही आठवड्यांत उपाशी मरेल, ही शक्यता सर्वाधिक.

बंदी आहे, मग धोका कुठून?

घरच्या टाक्या हा समुद्री घोड्यांवरच्या संकटाचा छोटा भाग आहे. मोठा भाग जाळ्यांचा आहे. कॅनडाच्या जीवशास्त्रज्ञ अमांडा व्हिन्सेंट आणि हीदर कोल्डवे यांनी १९९६ मध्ये ‘प्रोजेक्ट सीहॉर्स’ ही संस्था सुरू केली. या गटाच्या २०१७ मधील अभ्यासात वीसहून अधिक देशांतील मासेमारीची आकडेवारी तपासली गेली. दरवर्षी सुमारे ३ कोटी ७० लाख समुद्री घोडे जाळ्यांत सापडतात, असा अंदाज त्यातून पुढे आला. बहुतेक मच्छीमार त्यांच्या शोधात नसतातच; कोळंबीसाठी तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यात ते आपसूक येतात. वर आलेला घोडा फेकून देण्याऐवजी वाळवून विकला जातो, कारण पारंपरिक चिनी औषधांत त्याला मागणी आहे.

भारतात याचा सर्वाधिक फटका तमिळनाडूच्या पाल्कची सामुद्रधुनी आणि मन्नारच्या आखाताला बसतो. तिथे पूर्वी वाळवलेल्या घोड्यांचा उघड व्यापार चाले. बंदीने तो चोरून चालू लागला आणि सीमाशुल्क व वन विभागाच्या कारवायांत वाळलेल्या घोड्यांची पोती अजूनही सापडतात. जाळ्यांत येणारे घोडे मात्र कायद्याने कमी झाले नाहीत, कारण जाळ्याला कायदा कळत नाही. ट्रॉलरना किनाऱ्यालगतच्या उथळ, समुद्री गवताच्या पट्ट्यापासून दूर ठेवणे हा उपाय अभ्यासक सुचवत आले आहेत आणि तो अमलात आणणे फार कठीण ठरले आहे.

‘हिप्पोकॅम्पस कुडा’ म्हणजे पिवळा समुद्री घोडा पश्चिम किनाऱ्यावरही आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत याच प्रजातीच्या बंदिस्त पैदाशीवर संशोधन झाले आहे. खाड्यांची तोंडे, कांदळवनांच्या मुळ्या, समुद्री गवत अशा उथळ जागी तो राहतो. जाळ्यात जिवंत आला तर लगेच, हाताळणी कमीत कमी ठेवून, पाण्यात सोडणे हाच कायदेशीर आणि शहाणा मार्ग. किनाऱ्यावर ‘आठवण’ म्हणून कीचेनमध्ये अडकवलेला वाळका घोडा विकताना कुणी दिसले, तर ती खरेदी न करता वन विभागाला कळवता येते. महाराष्ट्रात वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.

इथल्या हौशींना पर्याय आहे का?

खाऱ्या पाण्याच्या टाकीचीच ओढ असेल, तर पैदास केलेल्या क्लाऊनफिशपासून सुरुवात करता येते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे आणि नवी मुंबईत ऐरोली येथे कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रातही शोभिवंत सागरी माशांच्या पैदाशीचे काम झाले आहे. क्लाऊनफिश २६-२७ अंशांत राहतो, त्यामुळे चिलरवरचा ताण कमी. गोठवलेले आणि सुके दोन्ही खातो. आणि पाणी पिकवण्यापासून मीठ मोजण्यापर्यंतचे सगळे धडे त्यातही तसेच गिरवावे लागतात. घेताना विक्रेत्याला विचारायचा प्रश्न मात्र तोच : समुद्रातून आणलेला की टाकीत जन्मलेला?

अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आणि समुद्री घोडा पाळण्याचा विचार करणाऱ्यांसाठी आणखी एक. तिथून सुट्टीत घरी येताना तो सोबत आणता येत नाही, वाळवलेलासुद्धा. सामानात सापडला तर तो विमानतळावरच जप्त होतो आणि पुढची चौकशी वन्यजीव गुन्ह्यांसाठीच्या यंत्रणेकडे जाते.